रोटरी पॉलिशरची पॅडे : त्यांची निवड आणि त्यांच्या रंगनामांचा घोळ

मोटारीच्या पत्र्यावरील रंग उजळण्यासाठी जे फिरते यंत्र वापरतात त्यास बाजारात रोटरी पॉलिशर आणि कारागिरांच्या बोलण्यात बफिंग मशीन असे म्हणतात. या यंत्राचा रंगाशी प्रत्यक्ष संबंध येत नाही. तो येतो यंत्राच्या तोंडाशी बसविलेल्या पॅडचा. हे पॅड लोकरीचे असावे की फोमचे, कठीण असावे की मऊ, केवढ्या व्यासाचे असावे, या प्रश्नांची उत्तरे पदार्थविज्ञानातून मिळतात. परंतु दुकानात उभा असलेला कारागीर पॅड निवडतो तो पदार्थविज्ञानावरून नव्हे. तो निवडतो त्याच्या नावावरून, आणि बहुधा त्याच्या रंगावरून. येथे हा विषय यंत्रशास्त्राच्या कक्षेतून निसटून भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो, आणि एखाद्या चिन्हाचा अर्थ चुकीचा लावल्याने काय होते ते येथे पत्र्यावर दिसू लागते.

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर हे तालुक्याचे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. कारंजा व वाशीम यांच्या दरम्यानच्या या गावाच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. वऱ्हाडातील उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. प्रदेश काळ्या मातीचा आणि खाली दगड बेसाल्टचा. काळी माती स्वतः मऊ असते. परंतु रस्त्याच्या धुळीत बेसाल्टचा चुराही असतो, आणि त्यातील फेल्डस्पार व पायरॉक्झीन ही खनिजे मोहस्‌च्या काठिण्यमापनात सुमारे ६ अंकाची आहेत. अशी धूळ कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर सूक्ष्म ओरखड्यांचे जाळे उमटते. त्यावर बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात वाळू दिली, तर पांढरे ठिपके बसतात ते वेगळेच. तेव्हा अशा प्रदेशात बफिंगचे काम म्हणजे केवळ हौसेचा प्रकार नव्हे. भाड्याने चालणाऱ्या किंवा विक्रीस काढावयाच्या गाडीची किंमत त्यावर अवलंबून असते, आणि काम बिघडले तर अख्खे बॉनेट पुन्हा रंगविण्याचा खर्च कारागिराच्या अंगावर येतो.

काम बिघडते म्हणजे नेमके काय होते हे समजण्यासाठी रंगाची रचना पाहावी लागेल. आजच्या मोटारीवर कारखान्यातून येणारा रंग एकेरी नसतो. पत्र्यालगत गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगद्रव्य असलेला बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, अशी ही उतरंड असते. सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १४० मायक्रॉन भरते, आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनांचा असतो. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर ज्या थरावर कारागिराने यंत्र चालवावयाचे तो अर्ध्या केसाएवढा आहे असे म्हणता येईल. त्यातही सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असल्यामुळे तो जेवढा झिजेल तेवढे रंगाचे आयुष्य कमी होते. ओरखडा 'काढणे' हा शब्दप्रयोगच मुळी फसवा आहे. ओरखडा ही वस्तू नसून वस्तूचा अभाव आहे. तो काढता येत नाही. त्याच्या भोवतालचा सर्व पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. नख अडेल इतका खोल ओरखडा या मार्गाने नाहीसा करण्याचा आग्रह धरू नये, असे जे जुने कारागीर सांगतात त्याचे कारण हेच होय.

अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळातील सपाट रंग बहुधा एकेरी असत; त्यांत रंगद्रव्य वरच्या थरातच मिसळलेले असे. अशा रंगावर पॉलिश चालविले की पॅडला रंग लागतो. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, तरी एकेरी रंगाची वाहने नाहीशी झालेली नाहीत. ट्रॅक्टर व मालवाहू वाहनांवर असा रंग आजही आढळतो, आणि मंगरूळपीरसारख्या शेतीप्रधान तालुक्यात ट्रॅक्टरांची वाण नाही. यास्तव पहिली कसोटी अशी की, पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन एखाद्या आडोशाच्या जागी हाताने घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकेरी. न लागला तर वर क्लिअर कोट आहे. आणि क्लिअर कोट असलेल्या गाडीवर काम चालू असता पॅडला अकस्मात गाडीचा रंग लागू लागला, तर मात्र क्लिअर कोट संपला असे समजावे. तेथून परतण्याचा मार्ग नाही.

आता पॅडचे कार्य. रंग झिजवितात ते पॉलिशमधील कण. हे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असून त्यांचे काठिण्य ९ आहे. पॅडचे काम या कणांना धरून ठेवण्याचे, फिरविण्याचे आणि त्यांच्यावरील दाब वाटून देण्याचे. कणाने पाडलेली रेघ किती खोल जाईल हे त्या एका कणावर किती भार पडतो यावर अवलंबून असते. कठीण पॅडवर कण खाली दबत नाही. सगळा भार त्याच्या टोकावर येतो आणि रेघ खोल जाते. मऊ पॅडवर तोच कण आत रुततो, भार शेजारच्या कणांत वाटला जातो आणि रेघ उथळ होते. तीच बाटली, तेच यंत्र, तोच हात. केवळ पॅड बदलले की एका ठिकाणी रंग झपाट्याने कापला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी त्यावर आरशासारखी झाक येते, ती यामुळे. झाक येणे म्हणजे ओरखडे अजिबात नसणे असेही नव्हे. ते प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरांच्या मानाने इतके उथळ होतात की प्रकाश विखुरला जात नाही, एवढेच.

लोकरीच्या पॅडची गोष्ट थोडी निराळी. तेथे कणांच्या जोडीला लोकरीचा तंतूही स्वतः घासतो. शिवाय तंतूंमधून हवा खेळत असल्यामुळे लोकर फोमच्या मानाने थंड राहते आणि काम जलद उरकते. म्हणून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासलेला रंग उजळावयाचा असेल, किंवा वर्षानुवर्षे उन्हात राहून खडू झालेला ट्रॅक्टरचा लाल रंग जिवंत करावयाचा असेल, तर लोकरीला आजही तोड नाही. परंतु लोकरीतही भेद आहेत. पीळ दिलेल्या सुताचे पॅड अधिक कापते. बिनपिळाच्या मोकळ्या लोकरीचे त्याहून सौम्य. कोकराच्या बारीक लोकरीचे आणखी सौम्य. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी आणि मऊ शाल यांतील अंतर ज्याच्या अंगाला ठाऊक आहे त्याला हा भेद समजावून सांगावा लागणार नाही. लोकरीचा दोष असा की ती आपली खूण मागे ठेवते. रोटरी यंत्रात पॅड एकाच आसाभोवती फिरत असल्याने ओरखडे एका दिशेने, कमानी-कमानींनी पडतात, आणि गाडी उन्हात आणली की त्या कमानी सरकत्या पट्ट्यांसारख्या चमकतात. यास धंद्यात होलोग्राम म्हणतात. लोकर वापरून काम तेथेच थांबविणे म्हणजे वाक्य क्रियापदावाचून सोडून देणे होय. लोकरीमागून फोमचे पॅड आलेच पाहिजे. बाजारातील बरेचसे काम नेमके येथेच थांबते. छपराखालच्या दिव्यात ते सुंदर दिसते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी परत येते.

फोम म्हणजे पॉलियुरेथेन. त्याच्या रसायनाचा पाया ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये घातला. फोमची छिद्रे एकमेकांत उघडणारी असतात किंवा बंद. उघड्या छिद्रांचा फोम पॉलिश पिऊन घेतो व हवा जाऊ देतो. बंद छिद्रांचा फोम पॉलिश पृष्ठभागावरच ठेवतो. दर इंचात किती छिद्रे आहेत हा आकडा काही उत्पादक देतात, परंतु छिद्रांची संख्या म्हणजे काठिण्य नव्हे. बारीक छिद्रांचा फोम कठीण असू शकतो आणि मोठ्या छिद्रांचा मऊ. बोटांनी दाबून पाहणे ही त्यापेक्षा भरवशाची परीक्षा. अंगठा व तर्जनी यांत पॅड दाबावे; ते किती विरोध करते आणि सोडल्यावर किती लवकर पूर्ववत होते हे पाहावे. दोन पॅडे शेजारी ठेवून दाबली तर अनभ्यस्त हातालाही फरक कळतो. मायक्रोफायबरचे तिसरे कूळ अलीकडे आले आहे. ते मुख्यतः दुहेरी गतीच्या, म्हणजे फिरता फिरता किंचित हेलकावणाऱ्या यंत्रांसाठी घडविलेले आहे. रोटरीवर त्याची उष्णता फार वाढते व थर सुटण्याचा संभव असतो, म्हणून या लेखापुरते ते बाजूस ठेवावे.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर वेगाचा हिशेब मांडणे इष्ट. १८० मिलिमीटर व्यासाचे पॅड मिनिटास १५०० फेरे घेत असता त्याची कड सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ५१ किलोमीटर वेगाने रंगावरून जाते. त्याच फेऱ्यांना १३० मिलिमीटरच्या पॅडची कड ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने जाते आणि ७५ मिलिमीटरच्या पॅडची अवघी २१. दाब तोच असेल तर घर्षणाची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते. म्हणून यंत्रावरील आकडा पाहून 'आपण हळू चालवितो' असे समजणे बरोबर नाही. आकड्याला व्यासाची जोड दिल्याशिवाय त्याला अर्थ नाही. बॉनेट व टप यांसाठी मोठे पॅड, दरवाजाच्या मुठीभोवती व खांबांवर लहान, ही विभागणी केवळ जागेच्या अडचणीमुळे नसून उष्णतेमुळेही आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर विशेष जपावे लागते, कारण पत्रा उष्णता वाहून नेतो आणि प्लॅस्टिक ती तेथेच कोंडून ठेवते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर यंत्र लावणे हे तर वऱ्हाडात मे महिन्यात उघडच आत्मघाताचे. तेथे काम सकाळी किंवा सावलीत पत्रा गार झाल्यावरच करावयास हवे.

या संदर्भात एका धोक्याचा उल्लेख करणे भाग आहे. पॉलिशर महाग पडतो म्हणून लोखंड कापण्याच्या चार इंची ग्राइंडरवरच बफ चढविण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. त्या ग्राइंडरचा आस एम १० आट्यांचा आणि पॉलिशरचा बहुधा एम १४. परंतु बाजारात दोन्ही आट्यांच्या बॅकिंग प्लेटी मिळतात, त्यामुळे आटे कोणाला अडवीत नाहीत. असा ग्राइंडर मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेतो. शंभर मिलिमीटरच्या पॅडची कड त्यावर ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावते. रंग जळण्याची गोष्ट सोडाच. फोम फाटून डोळ्यांवर येण्याचा संभव असतो. वेग कमीजास्त करता न येणारे यंत्र या कामास घेऊच नये.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही भाषेत सारखेच खरे आहे. आता नावांकडे वळावे.

पृष्ठभाग उजळण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. झिलई हा शब्द अरबी 'जिला' या शब्दाशी निगडित असून तो फारसीच्या वाटेने आला. जिल्हई हे त्याचे जुने रूप. शस्त्रांना धार व झळाळी देणारा तो शिकलगार. याच्या मुळाशी अरबी 'सैकल' आणि फारसी '-गर' हा प्रत्यय आहे. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे, आणि आडनाव म्हणून तो आजही जिवंत आहे. संस्कृत 'शाण' व देवघरातील सहाण यांचे नाते उघडच आहे. त्याखेरीज घासणे, घोटणे, ओप देणे, उजळणे ही क्रियापदे आहेत, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ती एकमेकांची समानार्थी नाहीत. भांडे घासतात, कागद किंवा फरशी घोटतात, सोन्याला ओप देतात. घासण्यात झीज प्रधान, घोटण्यात सपाटी प्रधान, ओप देण्यात तेज प्रधान. इंग्रजी बाजाराने ज्यांना कटिंग, पॉलिशिंग व फिनिशिंग अशा तीन पायऱ्या म्हटले, त्यांची श्रेणी मराठी क्रियापदांत जवळजवळ तशीच अगोदरपासून आहे. मंगरूळपीरच्या काय किंवा पुण्याच्या काय, गॅरेजात मात्र 'रबिंग करणे', 'कंपाउंड मारणे' आणि 'बफ मारणे' हेच चालते. यात खेद करण्यासारखे काही नाही. धंदा ज्या मार्गाने येतो त्या मार्गाने त्याचे शब्द येतात. 'बफ' हा इंग्रजी शब्ददेखील म्हशीवरूनच आलेला आहे. 'बफेलो'शी सगोत्र असलेला हा शब्द प्रथम त्या जातीच्या कमावलेल्या मऊ कातड्याला, मग त्या कातड्याने घासण्याच्या क्रियेला लागला, आणि आता लोकरीच्या चकतीलाही लागतो. म्हशीची वाण नसलेल्या वऱ्हाडात म्हशीचे नाव इंग्रजी वेषात मेंढीच्या लोकरीला मिळावे, हा अर्थसंक्रमणाचा प्रवास मोठा मौजेचा आहे.

खरा घोळ क्रियापदांत नाही. तो विशेषणात, म्हणजे रंगनामात आहे. फोमची पॅडे रंगीत असतात व रंगावरून त्यांचा दर्जा ओळखावा अशी योजना असते. परंतु ही योजना प्रत्येक उत्पादकाची निराळी आहे. अमेरिकेतील लेक कंट्री या उत्पादकाच्या प्रचलित मालिकेत पिवळे पॅड सर्वांत अधिक कापणारे, नारिंगी त्याहून हलके, पांढरे पॉलिशचे आणि काळे अखेरच्या हाताचे. इटलीच्या रुपेसकडे निळे सर्वांत जहाल, हिरवे मध्यम, पिवळे सौम्य आणि पांढरे अतिसौम्य. मेग्वायर्सच्या जुन्या मालिकेत गडद तांबडे कापण्यासाठी, पिवळे पॉलिशसाठी आणि बदामी शेवटच्या हातासाठी. थ्री एमकडे पिवळे मधल्या पायरीचे असून निळे अत्यंत सौम्य. म्हणजे 'पिवळे' या एका शब्दाला एका घरी जहाल, दुसऱ्या घरी मध्यम आणि तिसऱ्या घरी सौम्य असे अर्थ आहेत. आणि 'निळे' तर रुपेस व थ्री एम यांच्याकडे अगदी परस्परविरुद्ध टोकांना बसलेले आहे. रुपेसच्या पिवळ्या पॅडवर हात बसलेल्या कारागिराने लेक कंट्रीचे पिवळे पॅड त्याच विश्वासाने लावले, तर जे घडेल त्याला अपघात म्हणता येणार नाही. वऱ्हाडी उच्चारात 'पिवळा'चा 'पिवया' होतो. त्या उच्चारभेदाने कोणाचे काही बिघडत नाही. या अर्थभेदाने मात्र बॉनेट जाते.

सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहापासून चिन्हाचा यादृच्छिकपणा हा भाषाशास्त्राचा पहिला पाठ झाला आहे. परंतु त्याच पाठाचा दुसरा भाग विद्यार्थी पुष्कळदा विसरतात. चिन्ह यादृच्छिक असले तरी व्यक्तीच्या मर्जीवर नसते; ज्या समाजात ते चालते त्या समाजाच्या संकेताने ते बांधलेले असते. पॅडच्या रंगांना हा समाजच लाभलेला नाही. प्रत्येक उत्पादक म्हणजे एक स्वतंत्र भाषिक समूह, आणि कारागीर हा शब्दकोशावाचून त्या सर्व समूहांत वावरणारा प्रवासी. याच्या उलट उदाहरण त्याच कारागिराच्या हातात असते. पॉलिश पेपरावर पी १५००, पी २००० असे जे आकडे असतात ते युरोपातील घर्षकद्रव्य-उत्पादकांच्या संघाने ठरविलेल्या मापाचे होत. पी २००० म्हणजे सुमारे १० मायक्रॉनांचे कण, मग कागद कोणाचाही असो. आकडा वाढला की कण बारीक, हा नियमही सर्वत्र एकच. संख्येला अंगभूत क्रम असतो, म्हणून संकेत ठरविणे सोपे गेले. रंगांना असा क्रम नाही. बर्लिन व के यांनी १९६९ मध्ये रंगवाचक शब्दांचा जो क्रम मांडला तो भाषांत शब्द कसे अवतरतात त्याचा आहे. त्यावरून कोणता रंग अधिक जहाल हे काही निघत नाही. तरीही मन क्रम शोधतेच, आणि 'गडद ते कडक, फिके ते मऊ' असा अंदाज सहज बांधला जातो. लेक कंट्रीचे काळे पॅड, जे शेवटचा सौम्य हात देण्यासाठी आहे, या अंदाजाला पहिलाच धक्का देते.

हा प्रश्न मंगरूळपीरच्या माणसाला परका वाटू नये. मंगरूळ नावाची गावे एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आहे, मंगरूळ चव्हाळा आहे. आणि हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे या गावाच्या नावाला 'पीर' जोडला गेला. नुसते 'मंगरूळ' म्हणून पत्र टाकले तर ते कोठे जाईल याचा भरवसा नाही. उत्तरपद जोडले की संदिग्धता संपते. पॅडच्या बाबतीत उत्पादकाचे नाव हे तसे पद होय. 'पिवळे पॅड द्या' ही मागणी अपुरी आहे. 'अमक्याचे पिवळे' ही पुरी. आणि ज्या संचावर उत्पादकाचे नावच नसते, अशा स्वस्त रंगीबेरंगी संचांत रंग हे चिन्ह नसून केवळ सजावट असते. तेथे बोटांची परीक्षा हाच एक कोश.

यावर व्यवहारातला एक तोडगा सुचविता येईल. पॅड विकत घेतल्यावर ते दाबून, आणि एखाद्या भंगारातील दरवाजावर चालवून त्याचे काम ठरवावे, आणि पाठीवर पक्क्या शाईने त्या कामाचे नाव लिहावे. रंग विसरावा. नाव 'कट', 'पॉलिश', 'फिनिश' असे लिहिले तरी चालेल. 'घास', 'घोट', 'ओप' असे लिहिले तर तीन अक्षरसमूहांत काम भागेल आणि नवशिक्या पोराला इंग्रजीची वाट पाहावी लागणार नाही. परिभाषा कार्यालयात घडवून गॅरेजात पाठविण्याचे प्रयत्न बहुधा फसतात, हे खरे. परंतु येथे शब्द नवे नाहीत. ते त्याच पोराच्या घरात भांड्यांपाशी आणि सोनाराच्या दुकानात वापरले जातात. टिकतील की नाही हे वापरणाराच ठरवील.

निवडीच्या क्रमाविषयी कारागिरांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आधी लोकर लावून सर्व दोष उडवावेत व मग फोमने आवरावे. दुसरा म्हणतो, आधी सर्वांत सौम्य जोडीने हातभर जागेवर प्रयोग करावा. दोष गेला नाही तरच एक पायरी वर चढावे. पहिल्याने वेळ वाचतो. दुसऱ्याने रंग वाचतो. रंगाच्या जाडीचे मापक जवळ नसेल, आणि लहान गावात ते सहसा नसते, तर दुसरा पंथच स्वीकारावयास हवा, यात संशय नाही. गाडी पूर्वी कोठे रंगविली गेली आहे, तो रंग किती जाड व किती पक्का आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही; आणि एकाच गाडीचे बॉनेट कारखान्याच्या रंगाचे व दरवाजा गॅरेजच्या रंगाचा असणे ही नित्याची गोष्ट आहे. दोन्हींना एक पॅड लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. कडा, रेषा व उंचवटे येथे रंग पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा भारही नेमका तेथेच येतो, म्हणून त्या जागा आधी कागदी टेपने झाकाव्यात.

बॅकिंग प्लेटचा विचार सहसा होत नाही, तो व्हावयास हवा. प्लेट पॅडपेक्षा सुमारे एक इंचाने लहान असावी, म्हणजे तिची कड रंगाला लागणार नाही. प्लेट कठीण असेल तर मऊ पॅडही कठीण वागते. वळणदार पत्र्यासाठी मऊ प्लेट बरी. पॅड प्लेटच्या बरोबर मध्यावर बसले नाही तर यंत्र थरथरते आणि ती थरथर रंगावर उमटते. काही पॅडांना मध्यभागी छिद्र असते ते याचसाठी. यंत्र तिरपे धरून कडेने कापण्याची सवय ही सर्वांत वाईट. तीत साऱ्या पॅडवर वाटला जाणारा भार एका कोरीवर येतो, आणि सर्वाधिक वेगही त्याच कोरीचा असतो.

एका पॅडला एकच पॉलिश, हा नियम कसोशीने पाळावा. फोममध्ये शिरलेले जाड कण धुऊनही पूर्णपणे निघत नाहीत, आणि 'ओप' लिहिलेल्या पॅडवर एकदा कंपाउंड लागले की ते पॅड खालच्या पायरीवर गेले असे समजून पाठीवरचे नाव बदलावे. काम चालू असता लोकर दर फळीनंतर खरारा फिरवून मोकळी करावी, फोम नायलॉनच्या ब्रशने झाडावा. सुकलेल्या पॉलिशचा थर जमलेले पॅड मऊ राहत नाही. ते स्वतःच एक प्रकारचा पॉलिश पेपर होते. दिवसाचे काम संपल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून न काढता दाबून पाणी काढावे आणि सावलीत, तोंड खाली करून वाळवावे, म्हणजे पाणी व्हेल्क्रोच्या चिकटीत मुरत नाही. वऱ्हाडच्या उन्हात पॅड तासाभरात वाळेल हे खरे. पण त्याच उन्हाने फोम ठिसूळ होतो आणि चिकटवलेला थर सुटतो. फोम मधोमध खचला, कड चिरली किंवा व्हेल्क्रो एका बाजूने उचलले गेले, की ते पॅड मोटारीसाठी संपले. चाकांच्या रिमांसाठी ते आणखी काही दिवस चालते.